हाफ क्लच हे निदान नव्हे

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'घसरणारा क्लच : निदान आणि दुरुस्ती'. वेळ चाळीस मिनिटं. त्यातली पाच माझ्या परिचयात गेली आणि तेवढ्यात मी निवृत्त असल्याचं तीनदा सांगून झालं. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत बत्तीस वर्षं लेथ आणि ग्राइंडिंगवर काढली, हे खरं. निवृत्तीच्या पैशात लोक चारधाम करतात. मी एक लिटरची, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी घेतली, मॅन्युअल गिअरची. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढच्या कहाणीत तिचा काही दोष नाही. पार्किंगमध्ये उभी आहे, ओळखणारे ओळखूनच आत आलेत.

गाडीचा मूळ टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, १७५ न्यूटन मीटर. मी इंजिनच्या कॉम्प्युटरचा मॅप बदलून घेतला, तो २३० वर गेला. रीमॅप म्हणजे काय इथपासून मी सुरुवात करत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांनी शेजारच्याला विचारावं, तो थांबणार नाही. 'या वयात कशाला' असं आमच्या हिने विचारलं होतं. 'वय माझं वाढलंय, गाडीचं नाही,' असं मी म्हणालो, आणि त्या वाक्याची किंमत पुढे दोन हप्त्यांत भरली.

मुंबईहून परत येत होतो. कसारा घाट. पुढे कांदा उतरवून रिकामा परतणारा ट्रक. चौथ्या गिअरमध्ये होतो, मोकळी लेन दिसली, पाय दाबला. आरपीएमचा काटा अडीच हजारावरून सरळ चार हजारावर गेला आणि गाडी जिथल्या तिथे. आवाज सगळा विमानाचा, चाल बैलगाडीची. ट्रकचा क्लीनर खिडकीतून बघत होता. त्याने हात हलवून 'जा, जा' केलं. मी कुठे जाणार होतो? क्लचची प्लेट इंजिनच्या फ्लायव्हीलला, म्हणजे मागच्या जड चाकाला, धरून राहतच नव्हती, घसरत होती.

इगतपुरीला चहाला थांबलो तर बॉनेटमधून तो वास. एकदा आला की जन्मात विसरत नाही. जळका कागद आणि जळकं रबर, दोन्ही एकत्र.

दुसऱ्या दिवशी गाडी वर्कशॉपला. कोणत्या, ते सांगणार नाही, एसी होता एवढं सांगतो. काउंटरवरच्या मुलाने किल्लीही हातात न घेता विचारलं, "काका, हाफ क्लच चालवता का?" म्हणजे पेडल अर्धवट दाबून.

आता मला जरा भांडू द्या. मी बत्तीस वर्षं मशीन चालवली. मशीन बिघडलं की आमच्याकडे पहिला प्रश्न 'काय होतंय' असा असायचा, 'तू काय केलंस' असा नसायचा. आपल्या गॅरेजांमध्ये उलटं. दवाखान्यात 'पोट दुखतंय' म्हणावं आणि डॉक्टरांनी पोटाला हात न लावता 'बाहेरचं खाता का' म्हणावं, तसं हे. खातो की! नाशिकमध्ये राहून मिसळ खात नाही असा माणूस दाखवा. पण म्हणून अपेंडिक्स बघायचंच नाही? हाफ क्लचने प्लेट झिजते, मला मान्य आहे. चढावर ब्रेक सोडून क्लचवर गाडी तोलून धरणारे लोक द्वारका सर्कलला रोज दिसतात, त्यांच्या प्लेटा जळोत. पण तो आरोप आहे. निदान म्हणजे प्लेट हातात घेऊन बघणं.

तर त्यांनी पूर्ण क्लच सेट बदलला. जुनी प्लेट मागितली, तर 'भंगारात गेली'. दोन महिन्यांनी गाडी पुन्हा घसरायला लागली. पुन्हा तोच काउंटर, तोच मुलगा. या वेळी त्याने प्रश्नचिन्हही काढून टाकलं : "काका, तुम्ही हाफ क्लच चालवता." वॉरंटी नाकारली.

मग एका मित्राने द्वारकेजवळच्या एका चाचांकडे पाठवलं. पत्र्याची शेड, एक लिफ्ट, भिंतीवर २०१९ चं कॅलेंडर. चाचांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, घसरते कधी? थंड असताना की तापल्यावर? सगळ्या गिअरमध्ये की वरच्याच? पेडल आधीपेक्षा हलकं लागतं की जड? मग म्हणाले, "चला, फिरून येऊ."

त्र्यंबक रोडला मोकळा पट्टा बघून त्यांनी चौथा गिअर टाकला, दोन हजारावर आणलं आणि पाय पूर्ण दाबला. हीच ती परीक्षा. वरचा गिअर, कमी आरपीएम, पूर्ण थ्रॉटल. टर्बो गाडीचा टॉर्क खालीच, दोन हजाराच्या आसपास भरतो, आणि क्लच घसरतो तो टॉर्कपुढे. पुष्कळ जण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेस करून बघतात, तिथे गाडी चटकन पळून जाते आणि क्लचवर ताण टिकतच नाही. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन बंद पाडण्याची जुनी युक्ती आहे. इंजिन बंद पडलं नाही तर क्लच नापास, गेलाच समजा, पण पास झाला म्हणून सुटला असं नाही, कारण तिथे बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेला हवेचा जादा दाब, नसतो.

माझ्यासारख्या हिशेबी माणसाने ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे मोबाइलवर दाखवणारा, ब्लूटूथ रीडर लावावा. क्लच धरून असेल तर एका गिअरमध्ये वेग आणि आरपीएम यांचं प्रमाण हलत नाही. माझ्या गाडीत चौथ्याला साठच्या वेगाला दोन हजार, म्हणजे पंचाहत्तरला अडीच हजार. पंचाहत्तरला तीन हजार दिसले, की वरचे पाचशे कुठे गेले? उष्णतेत. दोनशे न्यूटन मीटर टॉर्क आणि पाचशे आरपीएमचा फरक धरा, साधारण साडेदहा किलोवॅट होतात. दोन किलोवॅटचे पाच गिझर त्या बेलहाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचवरच्या आवरणात, एकदम लावल्यासारखं. वास येणार नाही तर काय होईल?

परत आल्यावर चाचांनी स्लेव्हची, म्हणजे क्लचच्या फ्लुइडच्या लाइनच्या गिअरबॉक्सकडच्या सिलिंडरची, ब्लीडिंगची निपल जरा सैल केली. पेडलकडच्या मास्टर सिलिंडरचं परतीचं भोक बुजलं असेल तर पाय काढल्यावरही लाइनमध्ये दाब राहतो आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. निपल उघडल्यावर पिचकारी उडाली आणि घसरणं थांबलं, तर गिअरबॉक्स उतरवायची गरजच नाही. आमच्याकडे पिचकारी उडाली नाही. मग गाडी वर घेतली. बेलहाउसिंगच्या खालच्या जोडावर ओल होती. चाचांनी बोट लावलं, नाकाशी नेलं, मला दिलं. "सांगा, कसलं तेल?"

हे लक्षात ठेवा. गिअर ऑइलला गंधकाचा, सडक्या अंड्यासारखा वास असतो. ब्रेक फ्लुइड पातळ असतं आणि रंग उठवतं. इंजिनचं तेल काळपट, जळकं. आमचं काळं होतं. म्हणजे क्रँकचं, इंजिनच्या मुख्य शाफ्टचं, मागचं ऑइल सील गळतंय.

गिअरबॉक्स उतरला. ही प्लेट त्यातली, फिरवतोय, सगळ्यांनी बघा. हात काळे होतील, पत्रिकेला पुसा. हाफ क्लचने गेलेली प्लेट पातळ आणि कोरडी असते, रिव्हेटची डोकी वर आलेली, फ्लायव्हीलवर निळे डाग. ही जाड आहे. रिव्हेट अजून एक मिलिमीटर आत, मी स्वतः व्हर्नियरने मोजलंय. फक्त काळी, चकचकीत, चिकट. ही पेपरात गुंडाळून घरी नेली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली, त्यावरही एक व्याख्यान झालं, पण ते मी दिलं नाही.

गणित साधं आहे. क्लच किती टॉर्क पेलतो? दोन बाजू, गुणिले घर्षणांक, गुणिले क्लचची प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचा दाब, गुणिले सरासरी त्रिज्या. समजा दाब ४००० न्यूटन, त्रिज्या नऊ सेंटिमीटर, घर्षणांक ०.३५. उत्तर येतं २५२. मूळ १७५ ला ऐसपैस, माझ्या २३० ला जेमतेम. प्लेट तापून घर्षणांक ०.२८ वर आला की २०२ : मूळ गाडी निभावते, मॅप केलेली घसरते. आणि तेल लागून ०.१५ झाला तर १०८. मग मॅप असो नसो, कुणीच वाचत नाही. तर्री पडल्यावर पावाचं काय होतं, ते नाशिककरांना सांगायला नको.

आता खरी गंमत. सील का गेलं? चाचांनी इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण सैल केलं, तर आतून हवा फुसफुसत बाहेर. क्रँककेसचा, म्हणजे इंजिनच्या पोटाचा, दाब बाहेर सोडणारा ब्रीदर व्हॉल्व्ह तुंबलेला. मॅपनंतर बूस्ट वाढला, आतला दाब वाढला, बाहेर पडायला वाट नाही, मग सीलमधूनच तेल ढकललं गेलं. म्हणजे नवी प्लेट टाकली काय आणि नव्या दहा टाकल्या काय! आणि पहिली प्लेट भंगारात गेल्यामुळे पहिलं घसरणं मॅपचं होतं की तेलाचं, हे आता कुणालाच कळणार नाही. माझा राग बिलावर नाही. पुरावा गेला, यावर आहे.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे'. अरे, दुरुस्ती राहिलीच की!

भरभर सांगतो. गिअरबॉक्स उतरलाच आहे, तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही बदला. त्यात पैसे वाचवू नका, मजुरी पुन्हा द्यावी लागते. क्रँकचं आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील बघा. फ्लायव्हीलला तडे, निळे डाग असतील तर लेथवर फेसिंग, पण पायरीचं फ्लायव्हील असेल तर पायरीही तेवढीच उतरवायची, नाहीतर दाब बदलतो. ड्युअल मास, म्हणजे मध्ये स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं फ्लायव्हील, असेल तर शक्यतो बदलाच. नव्या प्रेशर प्लेटवर गंजरोधक थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसा. प्लेटला तेलकट बोट लावायचं नाही. स्प्लाइनला, म्हणजे शाफ्टच्या दात्यांना, ग्रीस काडीपेटीच्या गुलाएवढं, जास्त झालं तर तेच उडून प्लेटवर येतं. प्लेटची 'फ्लायव्हील साइड' वाचा. अलाइनमेंटची दांडी घाला, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, शेवटी टॉर्क रेंच.

मॅप ठेवायचाच असेल तर वाढीव टॉर्कच्या वर वीस-पंचवीस टक्के पेलेल असा क्लच घ्या. त्याहून भारी नको. सिरॅमिकच्या तुकड्यांची प्लेट रॅलीला ठीक. इथे सिंहस्थाची खोदकामं चुकवत सिग्नलला उभं राहताना ती गाडी सशासारखी उड्या मारते, आणि फार कडक प्रेशर प्लेट क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगला खाते. मी साधी ऑरगॅनिक प्लेट आणि थोडी कडक प्रेशर प्लेट घेतली. ब्रीदर नवा टाकला, तो सगळ्यात स्वस्त निघाला.

आणि नवी प्लेट बसायला सात-आठशे किलोमीटर शहरातच फिरवायची, पूर्ण थ्रॉटल नाही. प्रश्न असतील ते पार्किंगमध्ये विचारा, गाडी तिथेच आहे. फक्त 'काका, एक राउंड मारू का' असं कुणी विचारू नका. अजून साडेतीनशेच झालेत.