कुणीच न छेडलेला गंधार

नमस्कार मंडळी. आज कला, सौंदर्य आणि चारित्र्य यावर बोला असं मला सांगितलंय, आणि खरं सांगू का, विषय ऐकूनच पोटात गोळा आला, कारण एवढे मोठे शब्द घेऊन बसलो तर दोन मिनिटांत तुम्ही स्टेशन बदलणार. म्हणून मी आपला तंबोऱ्याबद्दल बोलतो.

आमच्याकडे मिरजेचा तंबोरा आहे, वडिलांनी घेतलेला. दोन वर्षांपूर्वी त्याचा आवाज बसला, तारा नुसत्या टणटण करायला लागल्या, आणि मी शहाण्याने मोबाईलवर एक व्हिडिओ बघून घोडीला चक्क पॉलिश पेपर मारला! घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. दिसायला सपाट, पण तिला अगदी बारीक उतार असतो, तार त्या उतारावर घासत घासत थरथरते, आणि तार नि घोडीच्या मधे सुती दोरा सारतात, त्याला जीव म्हणतात. हे सगळं जमलं की आवाज भरून झंकारत राहतो, म्हणजे जवारी लागली. माझ्या पेपरने उताराचाच निकाल लावला, मग काय, तंबोरा गुंडाळला आणि मिरजेची गाडी पकडली.

मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. साधारण पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्यांनी हे काम धरलं. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं पहिलं मोठं नाव. तलवारींचे दिवस संपत आले होते, हात मात्र तेच होते. (धार लावणारा माणूस जवारी काढायला बसतो, यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही. किती घासायचं यापेक्षा कुठे थांबायचं हे त्याला आधीच कळलेलं असतं.) २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं.

तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढा भागातून. कडू, जाड सालीचा, खायच्या काही कामाचा नाही. शाळेत आम्हाला गणितात मिळायचा त्याहून जरा मोठा. तो वेलावर पुरता पिकू द्यायचा, मग महिनोन्महिने वाळवायचा. अर्धकच्चा भोपळा वापरला तर दुकानात कुणालाच कळत नाही, तो चिरतो पुढे कधीतरी, गिऱ्हाईकाच्या घरी.

तर त्या गल्लीतल्या एका कारागीर चाचांनी माझा तंबोरा मांडीवर घेतला, एकदा छेडला आणि विचारलं, "कुणी हात लावला ह्याला?"

मी म्हटलं, "मीच."

"पेपर मारला?"

"हो."

"आता खाल्लेली घोडी परत येतीय व्हय?"

मी गप्प. मग त्यांनी तार सैल करून बाजूला सारली, कानस दोनदा फिरवली, अगदी दोनदाच, फुंकर मारली, तार परत जागेवर घेतली, छेडली, मान हलवली, पुन्हा सैल केली. असं एका तारेला अर्धा-पाऊण तास. हातात कानस असली तरी काम कान करत होता, बाहेर रिक्षावाला हॉर्न मारत होता, शेजारी कुणीतरी फोनवर भांडत होतं, त्यांना पत्ताच नाही. मी घाई करून म्हटलं, चाचा, आता छान वाजतंय की, राहू द्या. ते म्हणाले, "आता वाजतंय. महिन्यानं किरकिरंल."

एकदम खुली जवारी काढून दिली की गिऱ्हाईक तिथल्या तिथे खूश होतं, पैसे देऊन निघून जातं. नंतर तार घोडीत चर पाडते आणि आवाज बिघडतो, तोवर कारागिराला विचारणार कोण?

कला माणसाला चांगलं करते असं म्हणतात, मला ते फारसं पटत नाही. उत्तम गाणारे आणि शिष्याला बंदिशीची एक ओळ सांगताना हात आखडणारे लोक मी बघितलेत. चाचाही घरी कसे असतील, मला काय माहीत? पण त्या पाऊण तासात त्यांनी ना मला फसवलं ना त्या तारेला, आणि मी तर पाहुणा, मला काही कळतही नव्हतं.

तंबोऱ्याला चार तारा. पंचम म्हणजे प, जोडीचे दोन षड्ज म्हणजे सा, आणि खर्ज म्हणजे खालचा सा. गंधाराची, म्हणजे ग ची, तारच नाही. तरी जवारी नीट लागली की खर्जातून आपोआप गंधार ऐकू येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला तो याच घोडीपायी, कारण एरवी तारेच्या नियमाने जे स्वर यायलाच नकोत तेही हिच्यामुळे उमटतात. चाचांना रामन ठाऊक असतील की नाही, मी विचारलं नाही. त्यांनीच मला विचारलं, "गंधार आला का?" आणि येईपर्यंत मला उठू दिलं नाही.

तोच तंबोरा आज स्टुडिओत आणलाय. अॅपवरचा तंबोरा मीही रियाजाला लावतो, नाही म्हणत नाही, पण आज हा ऐका. मी आता गप्प बसतो. सुरुवातीला चार तारा वेगवेगळ्या ऐकू येतील, जरा दम धरा, मग खर्ज वाजल्यावर वर कुठेतरी गंधार लागतो का बघा. नाहीच लागला तर रेडिओचा आवाज थोडा वाढवा, चाचांना बोल लावू नका.