मंदीत हिरा का पडतो?

नमस्कार मंडळी. मंदीत लोक सोन्याकडे धावतात हे आपण पाहिलंय, मग हिराही चढत असेल असं बऱ्याच जणांना वाटतं. तर नाही, बहुतेक वेळा उलटंच होतं. सोन्याचा एक ग्रॅम दुसऱ्या ग्रॅमसारखाच, भाव एका फोनवर कळतो. हिऱ्याचं तसं नाही, वजन, रंग, आतली स्वच्छता आणि कट बघून प्रत्येक दाण्याचा भाव वेगळा, म्हणजे विकायला गेलात की समोरचा म्हणेल तो भाव, आणि मंदीत समोर गिऱ्हाईकच नसतं.

हा धंदा मुळात उधारीचा. माल जांगडवर जातो, म्हणजे विकला गेला तर पैसे, नाहीतर हिऱ्यांची पुडी परत. चांगल्या दिवसांत मस्त चालतं हे, पण मंदी आली की पुड्या परत यायला लागतात. इकडे रफ म्हणजे कच्चा माल घेताना मोठ्या खाणकंपन्यांना पैसे आधीच मोजलेले, पॉलिश म्हणजे पैलू पाडलेला माल तिजोरीत पडून आणि बँकेचं व्याज चालूच. मग कुणीतरी एकजण वैतागून गुपचूप स्वस्तात विकतो आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळलेलं असतं. हिऱ्यांच्या भावाची रॅपापोर्ट नावाची यादी १९७८ पासून निघते, पण मंदीत बोलणं एवढंच, यादीच्या किती टक्के खाली देतोस?

यावर धंद्याचा जुना उपाय एकच, नळ बंद करायचा, म्हणजे बाजारात येणारा मालच रोखायचा. १९३०च्या महामंदीत डी बियर्स या हिऱ्यांच्या बड्या खाणकंपनीने खाणीच बंद केल्या. २००८ला त्यांचं उत्पादन जवळपास ४ कोटी ८० लाख कॅरेट होतं, २००९ला ते निम्म्यावर आलं, बोत्सवानातल्या खाणी काही महिने थांबल्या, आणि रशियात सरकारी तिजोरीने अलरोसा या तिथल्या हिरे खाणकंपनीचा माल विकत घेऊन ठेवला. २०२३ला तर भारतातल्या व्यापाऱ्यांनीच १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर रफ मागवायचं नाही असं ठरवलं. (आता जी गोष्ट इतकी दुर्मिळ म्हणून विकतात तिला परत परत नळ का बंद करावा लागतो, हे मला नेहमी गमतीशीर वाटतं.)

रंगीत खड्यांमध्ये असा नळ कुणा एकाच्या हातात कधी नव्हताच, बराच माल छोटे छोटे खाणवाले काढतात. तरी झांबियातली कागेमची पाचूची मोठी खाण २०२५च्या सुरुवातीला बाजार बघून थांबवावी लागली.

आणि आता लॅबमधला हिरा आलाय. खाण बंद कराल, पण मशीन कोण बंद करणार? डी बियर्सनेही २०१८ला लाइटबॉक्स नावाने लॅबचे हिरे विकायला काढले, भाव इतके घसरले की २०२५ला तो ब्रँड गुंडाळायचं जाहीर केलं.

नळ बंद केला की भाव थोडाफार सावरतो, पण कारागिराला मजुरी नगावर मिळते, रफ नाही तर नग नाही. जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरतेत, आणि तिथे २००८च्या दिवाळीला सुट्टी म्हणून बंद झालेले कितीतरी कारखाने सुट्टी संपली तरी उघडलेच नाहीत. माणसं सौराष्ट्रात आपापल्या गावी गेली. पुढे कामं परत सुरू झाली, मालकांनी बोलावणी धाडली, तेव्हा सगळे काही परत आले नाहीत.