ओळख वाढते आणि निरोध सुटतो

उपस्थित समुपदेशक, आशाताई आणि मित्रहो,

विवाहित पुरुषाच्या विवाहबाह्य संबंधांचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच नीतीकडे वळते. ती आज बाजूला ठेवू. सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 रोजी भारतीय दंड संहितेचे कलम 497 रद्द केल्यावर व्यभिचार हा गुन्हाही उरलेला नाही. एचआयव्ही रोखण्याच्या आपल्या कामाचा प्रश्न एवढाच आहे की, असा पुरुष निरोध केव्हा वापरतो आणि केव्हा टाळतो.

त्याला माहिती नसते, हे उत्तर मला आता पटत नाही. 1968 साली सरकारने निरोध बाजारात आणला, तेव्हा चहा-साबण विकणाऱ्या कंपन्यांच्या वितरणातून तो गावोगावच्या दुकानांत पोहोचला होता. पुढे एड्स नियंत्रण कार्यक्रमाने ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांना डोळ्यांसमोर ठेवून ढाब्यांवर आणि ट्रक टर्मिनलवर तो पोहोचवला. पुरुषाला निरोध माहीत असतो. मात्र तो कोणाबरोबर वापरायचा, याचा हिशेब त्याने मनाशी केलेला असतो, आणि त्या हिशेबात आजारापेक्षा नात्याला अधिक वजन असते. पैसे देऊन झालेल्या संबंधात तो निरोध वापरतो, निदान नकार देत नाही. तीच स्त्री पुढे ओळखीची झाली, तिच्याकडे जेवणखाण, सुखदुःखाच्या गोष्टी सुरू झाल्या, की निरोध पुढे करणे म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणे, असे दोघांनाही वाटू लागते. कामाच्या ठिकाणी किंवा नात्यागोत्यात जुळलेल्या संबंधाला तर ‘जोखीम’ हा शब्दच लावला जात नाही. ‘ती तशी नाही’, एवढे म्हटले की विषय संपतो. वास्तविक तिचा नवरा आणि त्याचे संबंध यांविषयी या गृहस्थाला काहीही ठाऊक नसते.

याची दुसरी बाजू घरात आहे. महाराष्ट्रात कुटुंबनियोजनाचा भार मुख्यतः स्त्रियांच्या नसबंदीवर पडला आहे. दोन मुलांनंतर बायकोचे ‘ऑपरेशन’ झाले की घरात निरोधाचे कारणच उरत नाही. अशा घरात पाकीट सापडले तर त्याचा एकच अर्थ निघतो, आणि ते पतीलाही माहीत असते. म्हणून तो ते जवळ बाळगत नाही, ऐन वेळी दुकान बंद असते, किंवा ओळखीच्या दुकानदाराकडे मागण्याचा संकोच होतो. त्यात दारू असेल तर बोलायलाच नको. बाळगणाऱ्यांपैकी काही जण ते ट्रकच्या तापलेल्या कॅबिनमध्ये महिनोन्महिने ठेवतात किंवा वापरताना खोबरेल तेल लावतात. उष्णतेने आणि तेलाने निरोधाचे रबर, म्हणजे लॅटेक्स, कमकुवत होते, ते फाटते, आणि मग ‘निरोधाचा काही उपयोग नाही’ असा बोलबाला होतो.

निर्णय पुरुषाच्या एकट्याच्या हाती असतो, असेही नाही. सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था आणि ‘वॅम्प’ (वेश्या अन्याय मुक्ती परिषद) ही या स्त्रियांची संघटना यांच्या कामातून वेश्याव्यवसायातील स्त्रियांनीच निरोधवाटप हाती घेतले. निरोध नाकारल्यामुळे एका दारातून परत पाठवलेल्या गिऱ्हाइकाला शेजारच्या दारातही तेच उत्तर मिळाले, तर त्याचा हट्ट टिकत नाही. पण पोलीस धाडीत निरोधाची पाकिटेच पुरावा म्हणून जप्त करत असतील, तर ती जवळ ठेवण्याची हिंमत कोण करील? मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निरोध हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, असे निर्देश दिले. पोलीस ठाण्याच्या पातळीवर ते किती पोहोचले, हे प्रत्येकाने आपापल्या तालुक्यात विचारून पाहावे.

म्हणून समुपदेशनाच्या खोलीत ‘निरोध वापरता का?’ हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. त्याला ‘हो’ हेच उत्तर येते आणि ते खोटेही नसते, कारण त्या क्षणी पुरुषाच्या मनात पैशाचा व्यवहारच असतो. त्याऐवजी शेवटचा संबंध कोणाशी आला, तेव्हा निरोध होता का, असे विचारावे, आणि मग हाच प्रश्न प्रत्येक जोडीदाराबाबत वेगळा विचारावा, पत्नीबाबतही. तिथे तो थांबतो, खाली पाहतो, आणि बहुधा ‘घरी कशाला?’ असे म्हणतो. समुपदेशनाला खरी सुरुवात तिथून होते, आणि त्यासाठी दार लावून घेतलेली खोली व दहा मिनिटांचा निवांत वेळ लागतो.