घाम फुटला म्हणजे अंग तयार झालं, असं नाही
(कोथरूडमधल्या एका व्यायामशाळेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी निम्मे जण रोज इथे वजनं उचलतात आणि बाकीचे त्यांचे आई-वडील असावेत, असं दिसतंय. बरं झालं, विषय दोघांचाही आहे.

माझं लहानपण शुक्रवार पेठेत गेलं. पहाटे तालमीत पाऊल टाकलं की वस्ताद आधी हातात फावडं द्यायचे. आखाडा उकरायचा. तेल, ताक, हळद मुरलेली ती तांबडी माती रात्रभरात दबून बसलेली असायची. पाय फाकवून उभं राहायचं, कंबरेतून वाकायचं, फावडं मारायचं, माती स्वतःकडे ओढायची, एक पाऊल मागे. पंधरा-वीस मिनिटं हेच. मला तेव्हा वाटायचं, धाकट्या पोरांच्या माथी मारलेलं हे काम आहे. पुढे फिजिओथेरपीचं शिक्षण घेतलं, लोकांच्या पाठी आणि गुडघे तपासू लागलो, तेव्हा त्या फावड्याचा अर्थ लागला. पाय रोवून, वाकून, समोरच्याला आपल्याकडे ओढायचं, हेच तर कुस्तीत करायचं असतं. तेच आधी मातीबरोबर करून घेतलं जात होतं. मग जोर, मग बैठका, आणि त्यानंतर लढत. आल्या आल्या कुणी कुणाला भिडत नसे.

मला आज एवढंच पटवून द्यायचंय. वॉर्मअप म्हणजे त्या दिवशी जे करायचंय, त्याची हलक्या वजनावरची तालीम.

आता जिममध्ये काय दिसतं? गाडी लावली, ट्रेडमिलवर फोन बघत पाच मिनिटं चाललं, दोन्ही हात चार वेळा गोल फिरवले, आणि बारवर, म्हणजे वजनं अडकवायच्या लोखंडी दांड्यावर, थेट ८० किलो. हे मी दुरून बघून बोलत नाही, मीही केलंय. चौतिसाव्या वर्षी, डिसेंबरात, पारा दहाच्या खाली गेलेला. सिंहगड रस्त्यावरून स्कूटरवर आलो होतो, बोटं इतकी गारठलेली की बारची खरखर तळहाताला नीट जाणवत नव्हती. उशीर झाला होता. एक हलका सेट मारला आणि सरळ १०० किलोची डेडलिफ्ट, म्हणजे वाकून जमिनीवरचा बार उचलायचा. बार गुडघ्यापर्यंत आला आणि कंबरेत अशी चमक निघाली की तो हातातून सुटलाच. उसण भरली. पुढचे अकरा दिवस माझे मोजे माझी मुलगी घालून देत होती.

त्या सकाळी शरीरात काय चाललं असेल, ते सांगतो. आपल्या मणक्यांच्या मधे ज्या चकत्या असतात, त्या रात्री आडवं पडल्यावर पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपण एक-दोन सेंटिमीटर उंच असतो. घरी मोजून बघा. उठल्यावर पहिल्या तासाभरातच त्यातली निम्मी उंची उतरते. पण तोवर चकत्या टणटणीत भरलेल्या असतात आणि खाली वाकलं की त्यांच्यावर आणि मागच्या अस्थिबंधांवर नेहमीपेक्षा बराच जास्त ताण येतो. साडेपाचला उठून सहाला डेडलिफ्ट करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तो व्यायाम संध्याकाळी ठेवा. सकाळीच करायचा असेल तर आधी तासभर चाला-फिरा.

दुसरी गोष्ट स्नायूंच्या तापमानाची. पोटातलं तापमान ३७ अंश असलं, तरी हातापायांचे स्नायू बसल्या जागी, विशेषतः थंडीत, त्यापेक्षा गार असतात. स्नायू एका अंशाने तापला की त्याची झटक्यात जोर लावायची क्षमता साधारण २ ते ५ टक्के वाढते. नसांमधून निरोप जरा वेगाने जातो. सांध्यातलं वंगण हालचालीने पातळ होऊन सगळीकडे पसरतं. म्हणजे कोमट अंगाला तेच १०० किलो खरोखर हलके लागतात. जी मुलं म्हणतात की वॉर्मअपमध्ये ताकद वाया जाते, त्यांना मी हेच सांगतो.

पण नुसतं तापून भागत नाही. ट्रेडमिलने घाम येईल, तरी खांद्याला बेंच प्रेसची, म्हणजे बाकावर उताणं पडून बार वर ढकलायची, वाट माहीत होणार नाही. समजा आज १०० किलोचं स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठका, आहे. पाच मिनिटं सायकल, मग घोटे, कंबर, पाठीचा वरचा भाग मोकळा करायचा. नंतर रिकामा बार, तो २० किलोचा असतो, त्यावर दहा बैठका. ४० वर पाच, ६० वर चार, ८० वर दोन, ९० वर एक. मग १००. रिकाम्या बारवर बैठक अगदी १०० किलो असल्यासारखी करा: तसाच श्वास, तशीच पकड, तेवढंच खाली. तिथे टाच उचलली जात असेल किंवा गुडघा आत येत असेल, तर तिथेच थांबा. तो दोष २० वर पकडायचा असतो.

स्ट्रेचिंगबद्दल थोडक्यात. एका जागी मिनिटभर किंवा त्याहून जास्त ताणून धरलं की लगेच नंतरची ताकद थोडी कमी होते. ते शेवटी करा. आधी हलतं-फिरतं ताणणं पुरे.

वॉर्मअप केलं की दुखापत होणारच नाही, असं मी म्हणणार नाही. पण नॉर्वेमध्ये १२५ फुटबॉल क्लबांतल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. सरावाआधी वीसेक मिनिटांचं ठरावीक वॉर्मअप करणाऱ्या मुलींमध्ये दुखापतींचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होतं. फुटबॉल वेगळा, बारबेल वेगळी, हे मान्य. तरी त्या वॉर्मअपमध्ये काय होतं बघा: धावणं, उडी मारून नीट उतरणं, तोल, पायांची ताकद. मैदानावर जे करायचं तेच. पुन्हा ते फावडंच.

काका-काकूंनो, तुमच्यासाठी वेगळा नियम नाही, फक्त वेळ जास्त द्या. माझ्याकडे एक पासष्टीच्या आजी येतात. आल्या की आधी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठतात-बसतात, मग दोन किलो हातात घेऊन तेच, आणि मग आठ किलोची केटलबेल छातीशी धरून. घाई करत नाहीत. गुडघा कुरकुरला तर त्या दिवशी दोन किलोवरच थांबतात, आणि मला तसं ठणकावून सांगतात.

मागून एका दादांनी विचारलंय, चाळीसच मिनिटं असतील तर काय गाळायचं? शेवटचा व्यायाम गाळा. दंडाचे कर्ल्स गाळा. दोन मुख्य व्यायाम ठेवा आणि वॉर्मअपची पहिली बारा मिनिटं आहेत तशीच राहू द्या.