वही पोरांच्या हातात द्या

(एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय : 'मोठ्या मुलांबरोबरची धडपडीची सुट्टी – नियोजन'. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी बारा ते सतरा वर्षांचं कुणी आहे? हात वर करा बघू. बरेच आहेत. आता 'तुम्ही जा, मी घरीच थांबतो' हे ज्यांनी गेल्या सुट्टीत ऐकलं, त्यांनी हात वरच ठेवा. बघा, एकही खाली आला नाही!

मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे नववीतली मुलं मला रोज भेटतात. सुट्टीनंतर 'कुठे जाऊन आलात?' असं विचारलं की मुलं गावाचं नाव सांगतात आणि थांबतात. तिथे कसं गेलात, वाटेत कुठली नदी लागली, यातलं काही त्यांना सांगता येत नाही. गाडीत बसलो आणि उतरलो, इतकंच त्यांना आठवतं. आपण त्यांना नेतो. चौदा वर्षांच्या मुलाच्या पायात आपल्यापेक्षा जास्त बळ असतं आणि डोकंही छान चालत असतं, तरी सहलीत त्याच्याकडे एकच काम, वेळेवर तयार होणं. मग तो घरी थांबायचं म्हणतो, यात नवल काय?

कुठे जायचं, किती चालायचं, काळजी काय घ्यायची, हे मी शेवटी सांगणारच आहे. पण आधी आमच्या घरची गोष्ट ऐका.

मुलगा पंधरा वर्षांचा आणि मुलगी बारा वर्षांची होती तेव्हा आम्हीही सगळे करतात तेच केलं. घाटातल्या एका रिसॉर्टवर दोन दिवस गेलो. 'भरपूर ॲक्टिव्हिटी' असं जाहिरातीत म्हटलं होतं. झिपलाइनसाठी रांगेत सव्वा तास उभे राहिलो आणि झिपलाइन संपली चाळीस सेकंदांत. मुलगी उतरली, शिरस्त्राण काढून दिलं आणि मला म्हणाली, 'आई, आता काय?' मला त्या रिसॉर्टचा राग आला तो पैशांमुळे नाही. पोरीला पट्टा बांधणाऱ्या माणसाने तिला एकदाही सांगितलं नाही की हा पट्टा कुठे अडकतो, वजन कशावर येतं, कडी उलटी लागली तर काय होतं. तिने विचारलं, तर 'बेटा, तू फक्त एन्जॉय कर' असं उत्तर मिळालं. बारा वर्षांची मुलगी स्वतःच्या जिवाची दोरी कशी बांधलीय ते विचारते आणि आपण तिला मजा कर म्हणतो! हे मला अजून बोचतं.

पुढच्या दिवाळीत मी शंभर पानी वही मुलाच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, चार दिवस आहेत, इतके पैसे आहेत, चौघं जण आहोत. ठिकाण तू ठरव, मुक्काम तू ठरव, पैसे तुझ्याकडे. अट एकच, इंजिनावर कमीत कमी आणि पायांवर जास्तीत जास्त. मुलगी म्हणाली, 'आणि मी?' तिच्याकडे पाणी, खाणं आणि दुरुस्ती हे खातं दिलं.

तीन दिवस वही कोरी होती. चौथ्या दिवशी रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लागला. दाभोळहून फेरीबोटीने खाडी ओलांडून धोपावे, तिथून सायकलने गुहागर, मग वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, पुन्हा फेरीबोटीने जयगड आणि मालगुंडवरून गणपतीपुळे. सगळा रस्ता समुद्राच्या कडेने जातो म्हणून सपाट असणार, असा त्याने अंदाज बांधला होता. कोकणातले बसलेत का कुणी? हो, हसताय तुम्ही! कोकणातला किनारा म्हणजे खाडीपाशी उतरायचं आणि लगेच सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, चढायचा. मला ते माहीत होतं, पण मी गप्प राहिले. माझा नवरा बोलायला गेला तेव्हा टेबलाखाली त्याचा हात दाबला. गप्प राहणं हे आई-बापांचं सगळ्यात अवघड काम आहे. चढ चढायला लागतो म्हणून कुणाचं वाईट होत नाही, म्हणून मी गप्प राहू शकले.

मुलगी महिनाभर कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे संध्याकाळी जाऊन बसत होती. पालशेतच्या पुढच्या चढावर माझं मागचं चाक बसलं तेव्हा तिने सायकल उलटी केली, चाक सोडवलं, ट्यूब बाहेर ओढली आणि थोडी हवा भरून गालाजवळ फिरवली, कारण बुडवायला पाणी नव्हतं. हवा गालाला लागली तिथे नखाने खूण केली. पॉलिश पेपरने घासलं, सोल्यूशन लावलं आणि फुंकर घालत मला म्हणाली, 'लगेच चिकटवायचं नसतं आई, वाळू द्यायचं.' टायरच्या आतून बोट फिरवून तिने काटाही काढला. तो काटा वहीत चिकटपट्टीखाली अजून आहे.

हेदवीला आम्ही दहा वाजता पोहोचलो. तिथे समुद्राकाठच्या कातळात एक अरुंद घळ आहे, बामणघळ. भरतीच्या वेळी लाट त्या फटीत घुसते आणि पाणी उंच उसळतं. सगळ्या बेताचा कळस मुलाने तिथे ठेवला होता. आणि घळीत पाणीच नव्हतं! तळाशी ओले दगड आणि शेवाळ. तो काही बोलला नाही. दगडावर बसला, वही मांडीवर, तोंड उतरलेलं. मी भूगोलाची शिक्षिका, ओहोटीची वेळ मला काढता आली असती. पण त्याच्या वहीत मी डोकावले नव्हते.

जेवायला एका घरी सांगितलं होतं, तिथे गेलो. वाढणाऱ्या आजींनी विचारलं, 'काय रे बाळा, जेवत का नाहीस?' त्याने सांगितलं. त्या म्हणाल्या, 'अरे, आज तिथी कुठली? चवथ ना? चार पाऊणे तीन. तीन वाजता जा.' आणि आमटी आणायला आत गेल्या.

आता ही गंमत बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, अदमासे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. कारण भरती चंद्राच्या मागे चालते आणि चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो. एका भरतीनंतर साडेबारा तासांच्या आतबाहेर दुसरी येते आणि दोन्हींच्या मधोमध ओहोटी. तीन वाजता भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी, आणि आम्ही नेमके दहाला तिथे. हे मी वर्गात चंद्र-सूर्याच्या आकृत्या काढून दरवर्षी शिकवते. माझ्या मुलाला ते समजलं आमटीभाताच्या पानावर. उष्ट्या हातानेच त्याने डाव्या बाजूला वही ओढली आणि पुढच्या पंधरा तिथींचा तक्ता मांडला. त्या पानावर आमटीचा डाग आहे.

तीनला गेलो. पहिल्या काही लाटा नुसत्याच घळीत शिरून परत गेल्या. मग एक आली, आत काहीतरी गडगडल्यासारखा आवाज झाला आणि पाणी आमच्या डोक्यांच्या वर गेलं. कडेपासून खूप मागे उभे होतो, तरी चेहऱ्यावर खारे थेंब आले. मुलगी किंचाळली. मुलगा घड्याळात बघत होता. तीन वाजून आठ मिनिटं.

त्या दिवशीची फेरीबोट अर्थातच गेली. मालगुंडच्या मुक्कामाचे आगाऊ दिलेले पाचशे रुपयेही गेले. फोन त्यानेच केला, माफी त्यानेच मागितली, आणि वहीत लाल शाईने 'वजा ५००' लिहिलं. दुसऱ्या दिवशी मालगुंडला केशवसुतांचं स्मारक बघायला वेळ कमी पडला, याची हळहळ मला आहे, त्याला नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. दहाच मिनिटं? बरं. मग जे सांगायला बोलावलंय ते भराभर सांगते.

पहिलं, काय सोपवायचं आणि काय नाही. रस्ता, मुक्काम, जेवण, पैसे सोपवा. पाण्यात उतरणं, विजांचं वातावरण, कड्याची धार आणि अंधारात गाडीरस्त्यावर चालणं, या चार बाबतींत शब्द तुमचाच, आणि तो निघण्याआधी सांगून टाकायचा. बामणघळीच्या काठाशी जायचं नाही, हे मी घरीच सांगितलं होतं.

दुसरं, सुरुवात कुठून? लोणावळ्याहून राजमाची घ्या. चाल लांब, पण चढ कमी, आणि उधेवाडीत घरगुती जेवण मिळतं. तिथे श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले आहेत, कुठला आधी ते मुलांना ठरवू द्या. मग पाचनईच्या बाजूने हरिश्चंद्रगड. केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात पोरं हमखास उतरतात, म्हणून कोरडे कपडे न्या. मग बारी गावातून कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. लोखंडी शिड्यांवर रविवारी रांग लागते, म्हणून आडवारी जा. पहिला ट्रेक पावसाळ्यात नको, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. किल्ल्यांची आवड असेल तर २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेले बारा किल्ले आहेत. अकरा आपल्याकडे आणि एक तमिळनाडूत, जिंजी. त्यांची यादी मुलांपुढे ठेवा आणि क्रम त्यांना लावू द्या. हिमालयात न्यायचं असेल तर तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. डोकं दुखतंय असं मूल म्हणालं तर चढणं थांबवायचं. मूल काटक असलं तरी.

तिसरं, तयारी. महिनाभर आधी सगळ्या घराने चालायला लागायचं. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाला रोज सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, आपल्या पोरांची क्लासच्या दिवसांत किती होते ते तुम्हीच मोजा. नवे बूट सहलीला नको, घरी वापरून मग न्या. पहाटेची गाडी रोज नको. या वयात झोपच उशिरा लागते, तो आळस नाही. चार दिवसांतला एक दिवस उशिरा उठायचा ठेवा.

मित्राला बरोबर आणू का, असं मूल विचारेल. आणू द्या. फोनचं काय? नकाशा आणि फोटो त्यातच आहेत, काढून घेऊ नका. जेवताना मात्र सगळ्यांचे फोन पिशवीत, आपलेही.

अजून चिठ्ठी आली. ठीक आहे. आमची वही मागच्या टेबलावर ठेवलीय, आमटीचं पान आणि काटा दोन्ही त्यात आहेत. शेजारी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांचे नकाशे आहेत. सिंधुदुर्गच्या नकाशावर पेन्सिलीच्या खुणा दिसतील, त्या धाकटीच्या आहेत. येत्या दिवाळीची वही तिच्याकडे आहे, त्यामुळे कुठे जाणार हे मला विचारू नका. मला अजून सांगितलेलं नाही.