पोह्यांच्या एका चमच्यात काय काय असतं

कांदेपोह्यांचा एक चमचा डोळ्यांसमोर आणा. मऊ पोहे, करकरीत कांदा, कडक शेंगदाणा, टणक मोहरी, चामट कढीपत्ता, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. एका घासात सात स्पर्श. आपली जीभ शेंगदाणा दाढेकडे ढकलते, कढीपत्ता बाहेर काढते, आपल्याला पत्ताही लागत नाही. ज्या मुलाला तोंडातला स्पर्श गरजेपेक्षा फार तीव्र जाणवतो, ते पहिल्या मोहरीलाच सगळा घास थुंकतं. घरात मग दोनच निदानं होतात: तिखट लागलं, नाहीतर लाडावलंय.

म्हणून चवीच्या आधी पोत तपासा. ही मुलं बिस्किटं, वेफर्स का धरून बसतात? पुड्यातलं प्रत्येक बिस्किट कालच्यासारखंच लागतं. आजची भेंडी कालच्यासारखी कधीच नसते.

दुसऱ्या टोकाची मुलंही असतात. त्यांना तोंडात काय आहे हे गाल भरेपर्यंत कळतच नाही, म्हणून ती कोंबतात. त्यांच्यापुढे भरलेलं ताट ठेवू नका. वाटीत तीनच तुकडे, ते गिळून झाले की पुढचे तीन. गार किंवा आंबट पदार्थ त्यांच्या तोंडाला लवकर कळतो. लिंबू पिळून बघा.

आता मिक्सर. चार वर्षांच्या मुलाची खिचडीही मिक्सरमधून काढणारी घरं कमी नाहीत. साधारण सहा ते दहा महिन्यांच्या काळात मूल गुठळ्या हाताळायला शिकतं आणि उमासा येण्याची जागा हळूहळू जिभेवर मागे सरकते. तो सराव राहिला, तर जिभेच्या पुढच्या भागावर शीत आलं तरी उमासा येतो. उपाय म्हणून मिक्सर एका दिवसात बंद करू नका. मिक्सरवरून रवीवर या, रवीवरून हाताने कुस्करण्यावर. पातळ वरणात तरंगणारी शितं सर्वांत अवघड, कारण पाणी आधी घशात जातं आणि शीत मागे उरतं. वरण-भात घट्ट आणि एकजीव कालवा, फोडणी नको. चावणं शिकवायचं ते वेगळ्या वेळी: लगेच विरघळणाऱ्या बिस्किटाची लांबट पट्टी बाजूने दाढेवर ठेवायची.

नवीन पदार्थ मुलाच्या आवडीतूनच काढावा लागतो. समजा, मूल फक्त भाजलेला उडदाचा पापड खातं. मग तोच पापड त्रिकोणी मोडून द्या. नंतर नाचणीचा पापड, मग खाकरा, मग पातळ, कडक शेकलेल्या ज्वारीच्या भाकरीची कड. मग तिचा मधला मऊ भाग, आणि शेवटी त्यावर तूप. दर पायरीला शक्यतो एकच गोष्ट बदला: आकार, रंग, चव किंवा पोत. घाई केली की साखळी तुटते. नवा तुकडा नखाएवढा असावा, शेजारच्या बशीत. तो बघणं, बोटाने ढकलणं, वास घेणं, ओठाला लावणं, चाटणं, चावून थुंकणं या सगळ्या प्रगतीच्याच पायऱ्या आहेत. थुंकायला वाटी जवळ ठेवा. बाहेर काढायची परवानगी असलेला घास आत जायची शक्यता जास्त.

डोशात पालक लपवू नका, औषध तर नकोच. फसवणूक कळली की मूल डोसाही सोडतं, आणि असा सुटलेला पदार्थ बऱ्याचदा परत येत नाही.

बैठक बघा. पाय लोंबकळत असतील तर मुलाची बरीच शक्ती तोल सांभाळण्यातच जाते. पायाखाली स्टूल किंवा रद्दीचा गठ्ठा द्या, टेबल कोपराच्या उंचीला असू द्या. जेवणाआधी दहा मिनिटं कणीक मळणं, भिंत ढकलणं, डाळीचा डबा उचलून आणणं अशी जोराची कामं बऱ्याच मुलांना शांत करतात. हिंगाची फोडणी आणि कुकरच्या शिट्ट्या मूल ताटावर येण्याआधी उरकून घ्या.

चमचा उथळ हवा. जिभेवर हलका दाब द्या आणि ओठ मिटायची वाट बघा. वरच्या दातांवर चमचा खरवडू नका. दर घासाला तोंड पुसणं तर या मुलांना घासापेक्षा जाचतं. एकदाच, शेवटी, ओल्या फडक्याने दाबून टिपा.

काऊचा घास, चिऊचा घास हा भुकेल्या मुलासाठी गोड खेळ आहे. इथे मात्र लक्ष उडवून घास सरकवला जातो. मोबाइलचंही तेच: तोंड उघडतं, शिकत काहीच नाही. जेवण वीस ते तीस मिनिटांत आटपा. पुढचं खाणं अडीच-तीन तासांनी, मधे फक्त पाणी. दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरच्या वर नको. जास्त दुधाने भूक मरते आणि लोह कमी पडतं.

उमासा आवाज करतो, मूल लाल होतं. तिथे शांत राहा. घास अडकला तर आवाजच बंद होतो. तिथे क्षणही घालवू नका. अख्खा शेंगदाणा आणि अख्खं द्राक्ष लहान मुलांना देऊच नका.

जेवताना दरवेळी खोकला येणं, आवाज ओलसर, घशात पाणी असल्यासारखा होणं, वजन थांबणं, आवडीची यादी आक्रसत जाणं ही घरी सोडवायची बाब नाही. बिस्किट-दुधावरच्या मुलाचे पाय दुखू लागले, ते चालेना, हिरड्यांतून रक्त आलं, तर 'क' जीवनसत्त्वाच्या कमतरतेची शंका घ्या. या कमतरतेचा आजार, स्कर्व्ही, आजही दिसतो. बालरोगतज्ज्ञांकडे आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या कामांचा सराव करून घेणारे) किंवा स्पीच थेरपिस्ट (बोलणं आणि गिळणं यांवर काम करणारे) यांच्याकडे जाताना तीन दिवसांची वही न्या: काय खाल्लं, किती, कोणत्या कंपनीचं, गरम की गार, आणि नेमक्या कोणत्या घासाला थुंकलं.