चाकावरचं घर आणि मुक्कामाचं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

दसरा सरला की बीड जिल्ह्यातली कितीतरी गावं ऊसतोडीपायी रिकामी व्हायला लागतात. घरांना कुलपं लागतात, ओट्यावर म्हातारी माणसं तेवढी उरतात. यंदा नेमक्या त्याच आठवड्यात आम्ही दोघं इथे, छत्रपती संभाजीनगरात, वाहनांचं प्रदर्शन पाहायला गेलो. आमच्या ह्यांची सारी नोकरी एसटीच्या चिकलठाण्याच्या कार्यशाळेत गेली, बसच्या बॉड्या बांधण्यात. गाड्या कुठेही मांडलेल्या असोत, हे जाणारच. मी मात्र एकाच ओढीनं गेले होते. तिथे राहता येतील अशा गाड्या, म्हणजे कॅरॅव्हॅन, ठेवल्यात असं कळलं होतं.

त्या गाडीची ओढ मला का, ते आधी सांगते. माझं माहेर शिरूर कासार तालुक्यातलं. आईवडील ऊसतोडीला जायचे. ऊसतोडीच्या भाषेत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, टायरगाडीला बैल जुंपायचे आणि पीठ, भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं असं सगळं गाडीत भरून पश्चिमेकडच्या कारखान्याची वाट धरायची. सहा वर्षांची होईपर्यंत मी वर्षातले पाच-सहा महिने त्या गाडीत आणि पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या झोपडीत, काढलेत. पुढे आजीनं मला गावात ठेवून घेतलं म्हणून शाळा झाली आणि मी शिक्षिका झाले. चाकावरचं घर मला चित्रातून कळलेलं नाही, श्रोतेहो. त्याचा वास मला अजून आठवतो. वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, बैलांचा आणि ओल्या गोधडीचा.

प्रदर्शनात तीन तऱ्हेच्या गाड्या होत्या. एक इंजिन आणि घर एकाच अंगात असलेली, दुसरी मोटारीच्या मागे जोडून ओढून न्यायची आणि तिसरी साधी जीप, टपावर उघडणारा तंबू असलेली. आमचा सगळा वेळ पहिलीपाशी गेला. आत दोन पलंग, घडीचं टेबल, छोटा ओटा, फ्रिज, कोपऱ्यात न्हाणी-संडास. मी आत शिरले तेव्हा हे गाडीखाली वाकले होते. त्यांनी पाटे पाहिले, चेसिसवर बॉडी कशी बसवलीय ते पाहिलं, बोटांच्या पेरांनी पत्रा वाजवून पाहिला. मग तिथल्या मुलाला विचारलं, "बाळा, पाण्याची टाकी कुठे बसवलीय?"

प्रश्न मला फार आवडला, कारण माझाही तोच होता, फक्त वेगळ्या कारणानं. ह्यांना काळजी वजनाची. टाकी शंभर लिटरची, म्हणजे भरली की शंभर किलो. हे वजन खाली, दोन्ही आसांच्या मध्ये असलं तर गाडी स्थिर राहते. मागच्या टोकाला किंवा उंचावर असलं तर कन्नडच्या घाटात वळणावर गाडी झोलते. त्यात टपावर एसी आणि सौर पॅनेल. टाकीत आडवे पत्रे आहेत का, हेही त्यांनी विचारलं. अर्ध्या भरलेल्या टाकीतलं पाणी ब्रेक लागताच पुढे धडकतं, ते हे पत्रे अडवतात. आपल्याकडे पाण्याचा टँकर कुणी पाहिलेला नाही? त्याच्या पोटातही असेच पत्रे असतात.

मला हिशेब करायचा होता तो वापराचा. दोघांची एकेक बादली आंघोळ म्हणजे तीस लिटर. भांडी, हातपाय, प्यायला, संडासला धरलं तर शंभर लिटर दोन दिवस पुरतात, तेही जपून. वापरलेलं पाणी खालच्या दुसऱ्या टाकीत साठतं. संडासाखाली काढता येणारी पेटी असते, पंधरा-वीस लिटरची. दोघांच्या वापरानं दोन-तीन दिवसांत ती भरते आणि मग ती नीट संडासातच रिकामी करावी लागते, ओढ्यात किंवा शेतात कधीच ओतायची नाही. एवढी पेटी पाहताना मला आई आठवली. उसाच्या फडावर बाया आडोशाला जायला अंधार पडायची वाट पाहायच्या. दिवसभर पाणी कमी प्यायच्या. त्या पेटीपाशी मी जरा जास्तच वेळ उभी राहिले, तो मुलगा काही बोलला नाही.

उन्हाळ्याचंही विचारलं. बारा व्होल्टची, दोनशे ॲम्पिअर-तासांची बॅटरी म्हणजे चोवीसशे वॉट-तास. छोटा एसी हजार वॉट खात असेल तर अडीच तासांच्या आतच बॅटरी बसते. परभणीच्या मे महिन्यात, त्रेचाळीस अंशांत, रात्र काढायची तर बाहेरून विजेची जोडणी हवीच. माझ्या मते आपल्याकडे ही गाडी कार्तिकापासून माघापर्यंतची.

परवान्याची भीती मात्र नको. एकूण वजन साडेसात हजार किलोंच्या आत असलेली गाडी हलक्या वाहनात मोडते, आपला नेहमीचा मोटारीचा परवाना चालतो. ह्यांचे हात शिवशिवत होते. जुना टेम्पो घेऊन मीच बांधतो म्हणाले. मग स्वतःच थांबले. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यांना पाठ आहे. नोंदणीनंतर गाडीचा मूळ साचा मनाला येईल तसा बदलता येत नाही. या गाड्यांच्या बांधणीचे वेगळे नियम आहेत, तपासणी आहे, आणि ती असायलाच हवी, कारण आत माणसं झोपणार असतात.

किंमत ऐकली आणि विकत घ्यायचा विषय आम्ही तिथेच सोडला. भाड्यानं घेऊन तीन-चार दिवस फिरायचं ठरलं. घरी येऊन वही काढली. वेरूळ, अजिंठा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी, म्हणून वार सांभाळायचे. अजिंठ्याला गाडी लेण्यांपासून चार किलोमीटरवर, फर्दापूरच्या फाट्याशीच ठेवायची आणि पुढे बसनं जायचं. मग पैठणला नाथसागराच्या काठी पक्षी. औंढा नागनाथ, परळी वैजनाथ, माहूरची रेणुका. नळदुर्गचा पाणीमहाल मला पुन्हा एकदा भर पावसाळ्यानंतर पाहायचाय, बोरी नदीचं पाणी भिंतीवरून कोसळताना.

पण श्रोतेहो, यादी होत गेली तसा माझा पेन अडखळायला लागला. गाडी मिळेल. ती रात्री उभी कुठे करायची? राज्य शासनानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाड्यांबरोबर कॅरॅव्हॅन पार्कचाही विचार आहे, म्हणजे पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेला मुक्काम. असा मुक्काम आपल्या प्रत्येक मोठ्या देवस्थानाजवळ आणि किल्ल्याजवळ व्हावा, असं मला कळकळीनं वाटतं. फार काही लागत नाही. सपाट जागा, दिवा, नळ, स्वच्छ संडास, मैला ओतायला बांधलेला खड्डा. आणि तो नळ, तो संडास रस्त्यानं जाणाऱ्या ऊसतोडीच्या गाड्यांनाही खुला असावा. त्याच रस्त्यांनी त्या कितीतरी वर्षं जातायत. मुक्कामाचा पहिला हक्क त्यांचा आहे, आमचा नंतर.

पाणी कुणाचं, हा प्रश्न मराठवाड्यात कुणीही हलक्यानं घेऊ नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात बाहेरून आलेल्या गाडीनं गावच्या हातपंपावर शंभर लिटर भरून घ्यायचे, हे मला तरी जमणार नाही.

माझी आई सध्या माझ्याकडेच आहे. संध्याकाळी गच्चीवर शेंगा सोलत बसली होती. मी तिला गाडीचं सगळं सांगितलं. पलंग, ओटा, दिवे. ती ऐकत होती. न्हाणी-संडास आतच आहे म्हटल्यावर तिचे हात थांबले.

"बायामाणसाला आडोसा झाला," ती म्हणाली. "लय चांगलं केलं ज्यानं केलं त्यानं."

मग थोड्या वेळानं विचारलं, "पानी कितीक मावतं?"

"शंभर लिटर, माय."

"म्हंजी सात-आठ हंडे." तिनं बोटांवर मोजलं. "दोन दिस जातील. तिसऱ्या दिवशी कुणाच्या हिरीवर जाताल?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मी वही पुन्हा उघडली आणि मुक्कामांच्या यादीपुढे एक रकाना आखला, 'पाणी कुठलं'. पैठणपुढे ह्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घराचं नाव लिहिलंय. परळीपुढे माझ्या मैत्रिणीचं. औंढ्याची जागा अजून कोरीच आहे.